विंडोज नव्याने टाकलं आणि डी ड्राइव्हचा ई झाला. परत डी कसा करायचा?

छापखानेवाला

नमस्कार मंडळी. तासगावला आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. डीटीपीच्या पीसीवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, मशीनही हळू झालेलं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एका मुलाकडून विंडोज ११ टाकून घेतलं. मशीन आता छान पळतंय. पण.

आधी सी म्हणजे २४० जीबीची एसएसडी, डी म्हणजे एक टीबीची जुनी हार्ड डिस्क (सगळं काम तिच्यावर) आणि ई म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह होता. आता डीव्हीडी ड्राइव्ह डी झालाय आणि माझी डिस्क ई. डेटा सगळा जागेवर आहे, एक फाइल गेलेली नाही. मात्र पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या प्रोग्राममधली (हो, अजून वापरतो, हसू नका) कुठलीही जुनी पत्रिका उघडली की तो फोटो सापडत नाही म्हणतो. कारण गणपती, कुलदैवतं, बॉर्डरी, कलश सगळं डी वरच्या एका फोल्डरात आणि प्रत्येक पत्रिकेत तोच पत्ता. 'इग्नोर' म्हटलं तर पडद्यावर गणपती दिसतो, पण छापून काढला की नुसते ठोकळे. परवा एका गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवलं तर ते म्हणाले, "गणपती पिक्सेलचा बसवलाय का यंदा?"

त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "काका, डेटा आहे ना सगळा? मग झालं तर." शेजारचे स्टुडिओवाले म्हणतात, सगळं एक्स्टर्नलवर काढ, डिस्क फॉरमॅट कर, म्हणजे आपोआप डी येईल. एक टीबी काढून परत भरायचा म्हणजे दोन दिवस गेले. तुळशीचं लग्न लागलंय, हंगाम डोक्यावर आहे.

फॉरमॅट न करता डी परत मिळेल का? आणि मुळात हे झालंच कसं?

सुतळीबॉम्ब

लग्नात सासरी नाव बदलायची पद्धत आहे. तुमच्या डीचं लग्न लागलं, सासरचं नाव ई. पत्रिका छापा आता. (हलके घ्या.)

निळू_निगडी

काका, पहिली गोष्ट: फॉरमॅट करू नका. स्टुडिओवाल्यांचा सल्ला चहाबरोबर ऐकून सोडून द्या. काम तीन मिनिटांचं आहे.

पेजमेकर, कोरल, फोल्डरच्या खिडक्या सगळं बंद करा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली तुमच्या डिस्क ओळीने दिसतील, सगळ्यांत शेवटी सीडी-रॉम ०. आधी त्याच्यावर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'चेंज', आणि त्याला एक्स द्या. आता डी मोकळा झाला. मग तुमच्या एक टीबीवर तेच करून डी द्या. शेवटी डीव्हीडीला एक्सवरून ई वर आणा. दोन पेल्यांतलं दूध आणि ताक बदलायला तिसरा पेला लागतो, तो हा एक्स.

मध्ये एक इशारा येईल की या अक्षरावर अवलंबून असलेले प्रोग्राम चालणार नाहीत, पुढे जायचं का? हो म्हणा. तुमच्याकडे उलट आहे, अक्षर बदललं तरच चालणार आहेत.

एकच सांभाळा. त्या मेनूत 'चेंज ड्राइव्ह लेटर'च्या खालीच 'फॉरमॅट' असतं. चष्मा लावून क्लिक करा.

कोथिंबीरवडी

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच झालंय, फक्त डी च्या जागी जी आलाय. नवऱ्याने सगळे शॉर्टकट बसून एकेक दुरुस्त केले. रविवार गेला त्यात. त्याला हा धागा दाखवू की नको असा विचार चाललाय.

सुतळीबॉम्ब

@कोथिंबीरवडी, पुढच्या भांडणापर्यंत राखून ठेवा.

शेवटचा_बाक

कसं करायचं ते निळूंनी सांगितलंच आहे. का झालं ते मी सांगतो, शिकवायची सवय जात नाही.

डी, ई ही अक्षरं डिस्कवर लिहिलेली नसतात. ती विंडोजच्या स्वतःच्या वहीत असतात. शाळेचा हजेरीपट धरा. पोरगं तेच, दप्तर तेच, पण वर्ग बदलला, नव्या बाईंनी नवा हजेरीपट केला की चौदा नंबरचा पोरगा एकोणीस नंबरला जातो. विंडोज पुसून नवं टाकलं म्हणजे जुना हजेरीपट रद्दीत गेला. नव्या विंडोजने समोर जे दिसलं त्याला ओळीने नंबर दिले.

ही वही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात असते: एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टम, त्यात माउंटेडडिव्हायसेस. तिथे प्रत्येक अक्षरासमोर डिस्कची ओळख लिहिलेली असते. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कला बारा बाइट: चार बाइट डिस्कची सही आणि आठ बाइट पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) कुठून सुरू होतं ते. नव्या पद्धतीची जीपीटी डिस्क असेल तर पार्टिशनचा लांबलचक ओळख-क्रमांक, जीयूआयडी. फक्त बघायला जा, हात लावू नका.

डिस्कवर जे खरोखर लिहिलेलं असतं ते तिचं नाव, म्हणजे व्हॉल्यूम लेबल. म्हणून डिस्कला 'न्यू व्हॉल्यूम' ठेवू नये, 'छापखाना' असं काहीतरी द्यावं. विंडोज कितीदा बदललं तरी ते नाव तिच्याबरोबर येतं.

अनवाणी

असहमत. माझी एक्स्टर्नल डिस्क घरी जी म्हणून येते आणि ऑफिसातही जी म्हणूनच येते. अक्षर डिस्कवर नसेल तर हे कसं?

शेवटचा_बाक

@अनवाणी, घरचं विंडोज तिला ओळखतं म्हणून जी देतं. ऑफिसचं विंडोजही तिला ओळखतं म्हणून जी देतं. दोन शाळांत तुमचा नंबर सात असू शकतो. पहिल्यांदा लावली तेव्हा दोन्हीकडे पुढचं मोकळं अक्षर जी असणार, एवढंच. तिसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपला लावून बघा.

अनवाणी

बायकोच्या लॅपटॉपला लावली. डी आली. माघार घेतो.

फ्लॉपीकाका

ही गंमत जुनी आहे, पोरांनो. ही अक्षरांची पद्धत डॉसला त्याआधीच्या सीपी/एम नावाच्या प्रणालीकडून वारशात आली. १९८१ चा आयबीएम पीसी फ्लॉपीवर चालायचा, ए आणि बी फ्लॉपीला. १९८३ साली पीसी एक्सटी हार्ड डिस्क घेऊन आला, तिला सी मिळालं. फ्लॉप्या गेल्या, ए-बीच्या खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. (हल्ली हार्ड डिस्कला ए किंवा बी दिलं तरी चालतं, पण मला ते वडलांच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.)

विंडोज ९८ च्या काळात तर अशी वहीसुद्धा नव्हती. दर वेळी मशीन चालू झालं की नियमाने अक्षरं वाटली जायची. आधी प्रत्येक डिस्कचं पहिलं प्रायमरी (मुख्य) पार्टिशन, मग सगळ्या डिस्कची लॉजिकल ड्राइव्हं (एक्स्टेंडेड नावाच्या भागात पाडलेले कप्पे). म्हणजे एका डिस्कवर सी आणि डी असताना दुसरी डिस्क लावली की तिचं प्रायमरी मध्येच घुसून डी व्हायचं आणि तुमचा जुना डी ई वर ढकलला जायचा. आमच्या पतसंस्थेत १९९९ साली नेमकं असंच झालं. हिशेबाचा प्रोग्राम डी वर डेटा शोधायचा. नवी डिस्क लावली, सोमवारी सकाळी सगळ्यांच्या ठेवी शून्य! मॅनेजरसाहेबांनी आधी पाणी मागवलं आणि मग मला.

त्यावर आमचा उपाय असा होता की दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी करायचंच नाही. नुसतं एक्स्टेंडेड करून त्यात लॉजिकल पाडायचं. मग ती गुपचूप रांगेत शेवटी उभी राहायची.

सुतळीबॉम्ब

काका, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी प्रायमरी, आणि रांगेत उभी राहणारी लॉजिकल. समजलं.

तुषार_उबुंटू

हे सगळं टाळता येतं. लिनक्समध्ये अक्षरंच नसतात, डिस्क हव्या त्या फोल्डरात जोडायची. एफस्टॅब नावाच्या फाइलीत डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, लिहा, आयुष्यभर...

निळू_निगडी

आले!

कोथिंबीरवडी

मी मनात म्हणतच होते, अजून कसे आले नाहीत.

तुषार_उबुंटू

बरं. पण डिस्क फोल्डरात जोडायची सोय विंडोजमध्येही आहे, २००० पासून. त्याच 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये. त्यातलं 'पाथ्स' कशासाठी आहे असं वाटलं तुम्हाला?

निळू_निगडी

हे मात्र मान्य. +१.

बे_एरियातली_मावशी

मावशीचाही एक अनुभव घ्या. एक्सपीचे दिवस होते. नवं मशीन हौसेने स्वतः जोडलं, पुढे कार्ड रीडर बसवला, चार खाचांचा. एक्सपी टाकलं आणि बघते तर विंडोज जी वर! त्या चार रिकाम्या खाचांनी सी, डी, ई, एफ पटकावलेले, कारण नव्या कोऱ्या डिस्कवर तोवर पार्टिशनच नव्हतं.

डिस्क मॅनेजमेंटने विंडोजचं स्वतःचं अक्षर बदलू दिलं नाही. तेव्हा थांबायला हवं होतं. मी शहाणी! वर बाकसरांनी सांगितलेल्या त्याच वहीत गेले, जी खोडून सी लिहिलं, रीस्टार्ट. लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड टाकला, 'वेलकम' दिसलं आणि लगेच 'लॉगिंग ऑफ'. परत पासवर्ड, परत वेलकम, परत बाहेर. दारातून आत घ्यायचं आणि मागच्या दाराने काढायचं. लॉगिन झाल्यावर जो यूजरइनिट चालतो त्याचा पूर्ण पत्ता रजिस्ट्रीत जी चाच लिहिलेला होता, तो बिचारा सापडणार कुठून? असे पत्ते हजारो जागी असतात.

शेवटी कार्ड रीडरची वायर काढून सगळं पहिल्यापासून टाकलं. छापखानेवाले, तुमची डेटाची डिस्क आहे, खुशाल बदला. पण हे वाचणाऱ्या कुणाचं विंडोजच सी सोडून भलत्या अक्षरावर बसलं असेल तर एकतर तसंच नांदू द्या, नाहीतर यूएसबीवरून बूट करून नव्याने टाका. चालू विंडोजमधूनच सेटअप उघडून दुसऱ्या पार्टिशनवर टाकलं तरी असं होऊ शकतं, कारण नवं विंडोज जुन्याची अक्षरं उचलतं.

तहानलाडू

मावशी, अंगावर काटा आला. माझा प्रसंग लहान आहे. लॅपटॉप सुरू होईना, म्हणून रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत गेलो. तिथे सी उघडला तर जवळजवळ रिकामा. मला वाटलं सगळं गेलं. पाय गळाले. अर्ध्या तासाने कळलं की तिथली अक्षरं वेगळी असतात. माझं विंडोज तिथे डी म्हणून दिसत होतं आणि सी म्हणजे ते पिटुकलं सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन. ती खिडकी स्वतः एक्सवरून चालते.

शेवटचा_बाक

बरोबर. तिथला हजेरीपट वेगळा, तात्पुरता. म्हणून तिथे कुठलीही आज्ञा देण्याआधी डिस्कपार्ट या डिस्कच्या आज्ञांच्या प्रोग्राममध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' करून आकार आणि नाव बघावं. यासाठीच म्हणत होतो, डिस्कला नाव द्या.

माळावरचा

जाता जाता, माझ्याकडे उलटा त्रास आहे. एक नवाच ड्राइव्ह उगवलाय, साडेचारशे एमबीचा, आणि रोज 'जागा संपत आली' म्हणून ओरडतो. त्यात उघडून बघितलं तर काहीच नाही.

निळू_निगडी

@माळावरचा, ते रिकव्हरी पार्टिशन आहे, त्याला अक्षर मिळायला नको होतं. २०१८ च्या एप्रिलमधल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर बऱ्याच जणांना हे झालं होतं. पार्टिशन काढू नका, फक्त अक्षर काढा. डिस्कपार्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, 'लिस्ट व्हॉल्यूम', आकार बघून त्याचा नंबर 'सिलेक्ट व्हॉल्यूम' करा, मग 'रिमूव्ह लेटर' आणि बरोबरीच्या चिन्हापुढे ते अक्षर. लगेच गप्प बसेल.

अनवाणी

विंडोज परत टाकल्यावर माझ्या डी ला पिवळं कुलूप लागलंय. तेही याच्यातलंच का?

निळू_निगडी

नाही, ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन. अक्षराचा संबंध नाही. ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. आधी विंडोज वापरताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलेलं असेल तर त्या खात्यात बघा, बहुतेक असते. मिळाली नाही तर आतला डेटा उघडत नाही. म्हणून विंडोज पुसायच्या आधी की लिहून घ्यायची असते. चिठ्ठीवर. त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये नव्हे.

फ्लॉपीकाका

मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत वेगळं आहे. डी परत मिळवू नका. डेटाच्या डिस्कला एकदाच पी किंवा टी असं लांबचं अक्षर द्या. पेनड्राइव्ह, मोबाइल, कार्ड यांची गर्दी सगळी डी, ई, एफच्या आसपास असते. लांबच्या अक्षराला कुणी धक्का मारत नाही. मी २००४ पासून पी वापरतो, पी फॉर पेन्शन.

निळू_निगडी

काका, नवीन मशीनला एकदम मान्य. पण यांच्या कित्येक वर्षांच्या पत्रिकांत डी लिहिलेलं आहे. पी दिला तर सगळ्या फाइली एकेक उघडून लिंक जोडाव्या लागतील. त्यापेक्षा ई काय वाईट होता?

फ्लॉपीकाका

हं. ते खरं. मग डी. पण पुढचं विंडोज टाकाल तेव्हा लक्षात ठेवा.

शेवटचा_बाक

छापखानेवाले, एक विचारायचं राहिलं. विंडोज टाकताना त्या मुलाने कॅबिनेट उघडलं होतं का?

छापखानेवाला

अहो हो! तुम्हाला कसं कळलं? बाजूचं झाकण काढून माझ्या एक टीबीची वायर उपटली होती. मी ओरडलोसुद्धा, म्हटलं ती कशाला काढतोस. म्हणाला, "असू दे काका, सेफ."

शेवटचा_बाक

मग कोडं सुटलं. पोरगा हुशार आहे, त्याला शिव्या देऊ नका. डेटाची डिस्क जोडलेली ठेवून विंडोज टाकताना चुकून तीच फॉरमॅट केली अशी उदाहरणं थोडी नाहीत. त्याने ती बाजूला काढली हे योग्यच केलं. पण त्यामुळे नव्या विंडोजला समोर दोघंच दिसले, एसएसडी आणि डीव्हीडी. एसएसडीला सी, डीव्हीडीला डी. नंतर वायर लावली तेव्हा तुमच्या डिस्कला उरलेलं ई. उशिरा आलेल्या पोराला मागचा बाक, माझ्यासारखा. त्याने शेवटची तीन मिनिटं अक्षरं अदलाबदल करायला दिली असती तर हा धागा निघाला नसता.

सुतळीबॉम्ब

आणि आम्ही काय वाचलं असतं?

छापखानेवाला

करून बघितलं मंडळी! आधी घाईत थेट माझ्या डिस्कवर जाऊन डी शोधत होतो, तर यादीत डी नाहीच. मग निळूंचा तिसरा पेला आठवला. डीव्हीडीला एक्स, डिस्कला डी, डीव्हीडीला ई. इशारा आला तेव्हा हात थरथरला, खोटं कशाला बोलू. चष्मा लावला होता.

मशीन रीस्टार्ट करून गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली. गणपती आला. कलश आला. फोटो शोधत नाही, काही विचारत नाही. मुलाला फोन करून सॉरी म्हटलं, तो म्हणाला, "कशाबद्दल काका?"

बाकसरांच्या सांगण्यावरून डिस्कचं नावही 'छापखाना' करून टाकलं.

पण आता नवीनच. गणपती आहे, मजकूर गेला. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा. चि. आणि चि. सौ. कां. दोघंही त्यात हरवलेत. हेही ड्राइव्हच्या अक्षरामुळे का?

कोथिंबीरवडी

आता खरी अक्षरं गेली.

निळू_निगडी

नाही काका, हे फॉन्ट. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. आत इंग्रजीचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फॉन्ट राहतात सी वर, विंडोजच्या फोल्डरात, आणि सी पुसला. पत्रिकेला काही झालेलं नाही, फॉन्ट परत टाकले की मजकूर जसाच्या तसा येईल. सी न पुसता विंडोज टाकलं असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात जुने फॉन्ट मिळतात. बघा आहे का.

छापखानेवाला

नाहीये. त्याने एसएसडी पूर्ण पुसून टाकलंय, म्हणाला होता "एकदम क्लीन". फॉन्टची मूळ सीडी होती आमच्याकडे, वडलांनी घेतलेली, लायसनच्या डाँगलसकट. डाँगल ड्रॉवरमध्ये आहे. सीडी कुठंय ते बघावं लागेल.

फ्लॉपीकाका

म्हणूनच डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकू नये. सगळे मला हसतात.

छापखानेवाला

सापडली! पावतीपुस्तकांच्या जुन्या गठ्ठ्याखाली, वरून वडलांच्या अक्षरात 'फॉन्ट, देऊ नये' असं लिहिलेलं. फडक्याने पुसून ई मध्ये घातलीय. घरघर सुरू झाली आहे.